तंजावरहून निघालेला करंट

आमच्या दुकानात 'मेला' म्हणायला बंदी होती. 'गेला' म्हणायलाही. लॅपटॉप कितीही थंडगार पडलेला असो, बटण दाबून दाबून गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला घट्टा पडलेला असो, म्हणायचं ते एकच, 'झोपलाय.' मी बार्शीहून नवीन आलेलो. पहिल्याच दिवशी एका मशीनकडे बघून सवयीने बोलून गेलो, "सर, हा गेला."

दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सारांनी, चष्मा कपाळावर चढवला. "कोठें गेला? येथेंच तर आहे. तूं कोण रे त्यास पाठविणारा?"

मी मागे वळून बघितलं, की कुठे ऐतिहासिक नाटकाची तालीम चाललीये का. मद्रासचं नुकतंच चेन्नई झालं होतं. तिथे मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि मिळाली ती अशी, तलवार लावलेली. सार तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिकडचेच झाले, पण जाताना नेलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली होती. "जेविलास काय पा?" असं ते रोज दुपारी विचारायचे. 'जेविलास' तंजावरच्या दरबारातलं आणि 'पा' समोरच्या चहाच्या टपरीवरच्या तमिळमधलं.

उलट माझी मराठी त्यांना बिघडलेली वाटायची. मी "सर, लाईट आली" म्हटलं की ते हळहळायचे. "कसली रे ही भाषा. तुमचे गावांत कोणी शिकवीत नाही काय?"

मी डिप्लोमा करून बार्शीत लोकांचे टेपरेकॉर्डर उघडत बसलो होतो. उघडायचो सगळे, बंद व्हायचे काही. आत्याचे यजमान रेल्वेत, अण्णा नगरला राहायचे. आत्या म्हणाली, "इकडे ये, इथे एक आपल्यातले गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्त करतात." 'आपल्यातले' म्हणजे किती आपल्यातले ते तिलाही माहीत नव्हतं. रिची स्ट्रीटवर, जिथे रेडिओच्या नटबोल्टापासून सगळं मिळतं, तिथल्या एका जिन्यावर आमची खोली. दुकानात आम्ही दोघंच. मी त्यांना सर म्हणायचो, तिथली रीत 'सार' म्हणायची. आठवड्यात माझ्याही 'सर'चा 'सार' झाला.

सारांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, टूथब्रश असायचे. तीन-चार, केस आखूड कापलेले. बोर्डावरचा गंज स्पिरिट लावून घासायचे ते. कपाळाला गंध, पांढरा शर्ट, खिशात ब्रशांची रांग. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं हे कुठल्या तरी लांबच्या यात्रेला निघालेत. त्यातला एक ब्रश खरोखर दात घासायचा होता. कुठला ते फक्त सारांना माहीत, आणि कधी कधी त्यांनाही नसायचं. एखाद्या सकाळी त्यांच्या तोंडाला स्पिरिटचा वास आला की मी समजायचो, आज गडबड झाली.

मशीन उघडायच्या आधी ते गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारायचे, "काय सांडलें?" प्रत्येक जण म्हणायचा, काही नाही. सार मग झाकण काढून बोर्ड नाकाशी न्यायचे. समुद्राकडचं घर असलं तर ते त्यांना गंजावरूनच कळायचं, खारी हवा बोर्डावर मिठासारखी बसते. अण्णा नगरचे बोर्ड कोरडे. एकदा एक बँकेतले साहेब आले, सोबत बायको. काही सांडलंच नाही म्हणून साहेब शपथेवर आले होते. सारांनी वास घेतला, डोळे मिटले आणि तमिळमधे म्हणाले, "फिल्टर कॉफी. आणि घरात चिकोरी जास्त पडते."

साहेब लालबुंद. बायको मात्र खुर्चीत सावरून बसली. "मी किती वर्षं सांगतेय यांना," ती म्हणाली.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

लॅपटॉप चालू होत नसला की करंट कुठे अडकला ते शोधावं लागतं. भिंतीतून निघतो, अडाप्टरमधून येतो, फ्यूज, कॉइल, बारीकसारीक चिपा ओलांडत शेवटी मशीन जागं करतो. वाटेत कुठे तरी तांब्याची रेघ गंजाने खाल्लेली असते. मीटरची काळी पिन एका जागी धरायची, लाल पिन पुढे पुढे नेत जायचं. जिथे आकडा शून्य, त्याच्या अलीकडे खोट. हे कुणीही करतं. सार हे मोठ्याने करायचे, आणि तंजावरहून मद्रासला येणाऱ्या गाडीची स्टेशनं म्हणत करायचे. करंट म्हणजे त्यांचा नातेवाईक. अडाप्टर म्हणजे तंजावर. "तंजावरहून निघाला. कुंभकोणम, आला. मायावरम, आला. चिदंबरम, आला, चहा पिला. कडलूर, आला. विळुप्पुरम, चेंगलपट्टू, तांबरम..." आवाज खर्जातून वर चढत जायचा, जिन्याखालचे दुकानदार कान देऊन असायचे.

शेवटचं स्टेशन एग्मोर. ते दिवा लागला म्हणून म्हणायचं नाही. मशीन चालू होऊन गिऱ्हाइकाला पडद्यावर आपली स्वतःची वस्तू दिसली, म्हणजे पाहुणा गाडीतून उतरला, तेव्हाच सार खुर्चीतून उठून हमालासारखे ओरडायचे, "एग्मोर!" खालून टपरीवाला न सांगता चहा वर पाठवायचा.

आता माझा दोष नाही, पण देवाने मला गळाच असा दिलाय. शाळेत हेडमास्तर दौऱ्यावर गेले की वर्गावर त्यांचा आवाज मी काढायचो, आणि गॅदरिंगला तर माझ्याशिवाय पडदा उघडायचा नाही. सारांसारखा माणूस समोर असताना मी गप्प कसा बसणार? ते जेवायला गेले की मी टपरीवर उभा राहायचो, खिशात टूथब्रश खोचून. चष्मा कपाळावर, मान तिरकी, हवेत पिन धरलेली. "तंजावरहून निघाला पा..." लोकांना मराठी ओ की ठो कळायचं नाही, पण गाडी कळायची. हसून हसून चहा सांडायचा. मी तेही सोडायचो नाही. "काय सांडलें?"

एप्रिल आला, रामनवमीचा उत्सव आला. सार त्यांच्या लोकांच्या भजनात पुढे बसायचे, आणि पुढे बसायचे म्हणजे मागच्यांचा आवाज ऐकू येणार नाही असे गायचे. उत्सव संपला आणि सारांचा आवाजही संपला. डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, नाही तर गळा कायमचा बसेल. सार दुकानात आले ते पाटी घेऊन. काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. मी बघतच राहिलो. भाषा मराठी असणार, पण लिपी तमिळ. तंजावरकडच्या बऱ्याच घरांत असंच लिहितात, शाळा तमिळ आणि घर मराठी म्हणून. मला तमिळ कळायचं सगळं, बोलता यायचं बसमधे भांडण्यापुरतं. वाचता शून्य.

त्याच दिवशी दुपारी कांचीपुरमहून बाप आणि मुलगी आले. वडील विणकर, खांद्यावर उपरणं, बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या टोकावर. मुलगी पंचविशीची, मांडीवर लॅपटॉप असा घेऊन बसली होती की जणू तापातलं पोर. तिने भराभर सांगितलं. रेशमी साड्यांच्या काठाची नक्षी पूर्वी चौकटीच्या कागदावर हाताने काढायचे. ती हे काम लॅपटॉपवर करायला शिकली होती, घरातली पहिली. एका लग्नाच्या साडीचा काठ पूर्ण केला, आणि दुसऱ्या दिवशी मशीन उठेना. माग थांबलाय.

"दुसरीकडे कुठे ठेवला नाहीस?" मी विचारलं.

"फ्लॉपीचं तोंडच मोडकं आहे."

आज कुणी म्हणेल, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. त्या कंपनीची खाच अशी अडेल होती की ती डिस्क दुसरीकडे बसायचीच नाही. तो बोर्ड उठला तर काठ, नाही तर नाही.

वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आज झालं तर ठीक. नाही झालं तर उद्या कागदावर काढणारे म्हातारे येणारेत. मग हे यंत्र विकून टाकायचं, आणि हिने पूर्वीसारखं धाग्याच्या कांड्या भरायला बसायचं."

मुलीने लॅपटॉप तेवढा सारांसमोर सरकवला.

सारांनी झाकण काढलं. मी वाकून बघितलं तर बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवट डाग आणि बाकीचं तांबं लख्ख, देव्हाऱ्यातल्यासारखं. असला गंज मी बघितला नव्हता. सारांनी बोर्ड नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. मग पाटीवर एकच शब्द लिहून मुलीपुढे धरला.

तिने वाचला. "पुळी?" म्हणजे चिंच. "चिंच कुठून येईल सार? मी मशीनपाशी जेवत पण नाही."

वडील पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"अप्पा," मुलगी म्हणाली.

"त्यातलं घड्याळ चुकतं म्हणून तूच तो टीव्हीवाल्याकडे नेला होतास," वडील पंख्यालाच सांगत असल्यासारखे बोलले. "त्याने उघडून, आत हिरवं चढलंय म्हणून तसाच परत दिला. मी बघितलं. समई कळकते ना, तसंच. मग चिंच लावली, घासलं, धुतलं, उन्हात ठेवलं. लखलखीत झाला होता."

"आणि मला परत बसवून दिलात?"

"सगळे स्क्रू बसवले," वडील जरा ताठ होत म्हणाले. "एक पण उरला नाही."

"अप्पा, मी इतके दिवस म्हणतेय माझ्याच हातून काही दाबलं गेलं. रात्री झोप नाही मला."

"तूच म्हणालीस, कुणी हात लावू नका. मग कसा सांगणार?"

मी हसू दाबायला स्पिरिटची बाटली शोधायला वाकलो. मला वाटलं सार आता पाटी फोडतात. पण ते तमिळमधे लिहीत बसले, पाटी भरली, पुसून परत भरली. मुलगी वाचून दाखवत गेली, बापाला आणि मला एकदमच. बोर्डावर घड्याळासाठी छोटी बॅटरी असते. ती म्हातारी झाली की पाझरते, तिचं पाणी खार असतं, तांबं खात सुटतं. आंबटाने तो खार मरतो. "तुझ्या अप्पांनी चिंच लावली म्हणून एवढा तरी बोर्ड शिल्लक आहे. फक्त आधी बॅटरी काढायची होती, आणि नंतर पाणी असं सोडायचं नव्हतं."

हे शेवटचं तिने जरा हळू वाचलं. वडील पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

सार कामाला लागले. बॅटरी काढली. ब्रशने कोपरा घासला. जिथे तांब्याची रेघ तुटक दिसत होती तिथे सोल्डरचा पातळ हात दिला. त्याला ते कल्हई म्हणायचे, आणि खरंच, आमच्या बार्शीत कल्हईवाला पातेल्यात कापूस फिरवायचा तस्संच ते फिरायचं. बॅटरीचा कोपरा चकचकीत झाला. अडाप्टर लावला, बटण दाबलं. काही नाही.

म्हणजे गाडी सोडावी लागणार. सारांनी मीटर घेतला, काळी पिन टेकवली, लाल पिन तंजावरवर ठेवली, तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. पिन तिथेच थांबली. परत प्रयत्न केला. त्यांचा हात पुढे जाईना. इतकी वर्षं तो आवाजाच्या मागून चालला होता, आता पुढे कोण चालणार? सार बोर्डाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग आपल्या गळ्याकडे बोट केलं आणि तेच बोट माझ्याकडे.

"मला कसं येणार सार?" मी म्हटलं. इतका निरागस चेहरा मी बार्शीच्या पोलीस चौकीतही केला नसता.

सारांनी आपल्या खिशातला एक टूथब्रश काढला, आणि माझ्या खिशात खोचला.

 मी हळूच, साध्या आवाजात म्हटलं, "तंजावरहून निघाला." सारांनी मान हलवली. हा नको. मी चष्मा नसताना कपाळावर चढवला, मान तिरकी केली आणि दिला सोडून, "तंजावरहून निघाला पा! कुंभकोणम!" लाल पिन टुणकन पुढे. "आला! मायावरम! आला! चिदंबरम, चहा पिला!" मुलगी तोंडावर हात धरून हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा. जिन्याखालून टपरीवाल्याने हाक दिली, "सार, आवाज परत आला?" सार डोळा न हलवता पिन पुढे नेत होते. "कडलूर, आला. विळुप्पुरम, आला. तांबरम..."

शून्य.

मी थांबलो. तांबरम म्हणजे सगळ्या मशीनला जागं करणारी चिप. ती जर मेली, म्हणजे झोपली, असेल तर सिंगापूरहून मागवावी लागणार. आजचा तर प्रश्नच नाही. मुलीला आकडा कळला नाही, पण माझं तोंड कळलं. हसणं गेलं. वडील उठून उभे राहिले, उपरणं झटकलं. "चल अम्मा," ते मुलीला म्हणाले, तिकडे लेकीलाही अम्माच म्हणतात. " बस मिळायची नाही."

"थांबा अप्पा."

"काय थांबायचं? गाडी तांबरमलाच अडकलीय."

सार जागचे हलले नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते. मी परत म्हटलं, "तांबरम." त्यांनी पिन टेकवलीच नाही. "विळुप्पुरम, तांबरम," मी म्हटलं. तेही नाही. पाटी शेजारीच होती. काय ते लिहिलं असतं तर मुलीने वाचून दाखवलं असतं. पण सारांना ते नको होतं. त्यांनी पिना खाली ठेवल्या, उठले, खिशातला एक ब्रश जरा पुढे ओढला, चष्मा कपाळावर चढवला. मान तिरकी केली. एक पाय टपरीच्या बाकावर ठेवल्यासारखा पुढे घेतला, एका हातात चहाचा ग्लास असल्यासारखी बोटं, आणि तोंड माशासारखं भराभर उघडझाप करत, बेफिकीर, जरा जास्तच खूश, इकडे तिकडे कोण हसतंय ते बघत...

ते माझीच नक्कल करून दाखवत होते. टपरीवर सारांची नक्कल करणाऱ्या माझी. आवाज नव्हता, तरी अगदी हुबेहूब. एकेक स्टेशन बोटाने हवेत दाखवत आले, विळुप्पुरमला थांबले, आणि मग डबकं ओलांडतात तशी टुणकन उडी मारून एकदम तांबरमला. परत मागे आले. परत उडी. आणि त्या उडीखालच्या जागेकडे बोट.

"चेंगलपट्टू," मी म्हटलं. माझ्याच आवाजात.

मी ते नेहमी गाळायचो. बोर्डावर चेंगलपट्टू म्हणजे काही चिप नाही, कॉइल नाही. एक टाचणीच्या टोकाएवढं भोक, जिथून तांब्याची रेघ बोर्डाच्या या बाजूने त्या बाजूला उतरते. बघण्यासारखं काही नाही, आणि टपरीवर हशाही मिळत नाही तिथे. सार माझी नक्कल किती दिवस ऐकत होते कुणास ठाऊक, पण माझं कुठलं स्टेशन सुटतं ते त्यांना पाठ होतं.

ते बसले. पिना उचलल्या. मी मान तिरकी केली, आणि या वेळी घाई न करता म्हटलं, "चेंगलपट्टू." वरच्या तोंडाला पिन. आला. सारांनी बोर्ड उलटा केला. त्याच भोकाच्या खालच्या तोंडाला पिन. शून्य. बॅटरीच्या पाण्याने भोक आतून खाऊन टाकलं होतं. वरून दिसत होतं चकचकीत. विणकर बापाने घासलं होतं ना.

वडील उपरणं तसंच हातात धरून वाकून बघायला लागले. सारांनी केसाएवढी तार घेतली आणि भोकातून ओवायला गेले. ती दर वेळी काठालाच अडकायची. तेव्हा वडील म्हणाले, "द्या," आणि ती तार त्यांनी पहिल्याच फटक्यात पलीकडे काढली. आयुष्य धागे ओवण्यात गेलेलं. दोन्ही तोंडांना सारांनी कल्हई दिली.

बटण मुलीने दाबलं. दिवा लागला. आत पंखा घुरघुरला. त्या काळी मशीन उठायला एवढा वेळ लागायचा की माणसाने मधे जेवून यावं. आम्ही चौघं पडद्याकडे बघत बसलो. पांढरी अक्षरं आली, गेली. मग तिने काहीतरी उघडलं, आणि पडद्यावर चौकटी चौकटींनी मोर उतरायला लागले, एकामागे एक, काठभर.

वडिलांनी पडद्याशी वाकून बघितलं. मग बोट लावून म्हणाले, "या मोराची मान जाड आहे."

"करते की बारीक, अप्पा."

"आणि मधे जागा सोड. जरीचं काम दिसायला नको? घरी गेल्यावर आधी ते कर. म्हाताऱ्यांना मी निरोप देतो, येऊ नका म्हणून."

मुलगी पडद्यावरच्या मोराची मान तिथल्या तिथे बारीक करायला लागली. खाली टपरीवर शांतता होती, सगळी गल्ली एका शब्दाची वाट बघत होती. आता हेही माझंच काम. मी छाती भरून श्वास घेतला, आणि सारांचा स्पिरिटचा वास मारणारा हात माझ्या तोंडावर बसला.

ते उठले. डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही. गंजलेलं शटर कुणी एका हाताने ओढावं तसा आवाज आला, अर्धा वरच अडकलेला. "एग्मोर."

चहा वर आला.

त्या एका शब्दापायी डॉक्टरांनी सारांचं मौन वाढवून दिलं, आणि पुढचे कितीतरी दिवस गाडी मीच चालवली, सगळी स्टेशनं घेत. एग्मोर जवळ आलं की मात्र मी गप्प बसायचो. सार एकदा माझ्याकडे बघायचे, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दिशेने हात जोडायचे, आणि उठून म्हणून टाकायचे.